फुटक्या फरशीचा दावा

मोठ्या बाईंच्या वर्गात ‘प्लीज’ म्हणायला बंदी होती. एखादी पोर मान वाकडी करून उभी राहिली आणि ‘बाई, प्लीज, पाणी प्यायला जाऊ द्या ना’ म्हणाली, की बाई हातातला खडू खाली ठेवत.

‘तहान लागली का?’

‘हो बाई.’

‘मंग काऊन विनवून राह्यली? तहान लागली म्हन आन् जाय.’

पोर जायची. परत येताना दारात थांबून ‘येऊ का बाई?’ विचारायची. त्यावरही उत्तर ठरलेलं होतं. ‘तुहाच वर्ग हाय. विचारते काय?’

ही शाळा आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडच्या एका गावात होती. सरकारी हुकूम हैदराबादेहून तेलुगूत यायचे, शिकवणं मराठीत चालायचं आणि कचेरीतली बोली अजून निम्मी उर्दू होती. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. बाई पन्नाशीला आलेल्या. उंचीनं माझ्या खांद्याला लागायच्या, पण शाळेत सगळ्यांत जुन्या, म्हणून मोठ्या बाई. हेडमास्तरही त्यांना मोठ्या बाईच म्हणत आणि होता होईल तो त्यांच्या वाटेला जात नसत. कारण बाई कोणत्याही सूचनेला आधी ‘काऊन?’ विचारायच्या. हेडमास्तर म्हणाले, ‘बाई, सोमवारी तपासणी आहे. पोरं स्वच्छ कपड्यात यायला पाहिजेत.’ बाई म्हणाल्या, ‘काऊन? मंगळवारी मळकी आली तं चालते?’

त्या कधी घासाघीस करत नसत. भाजीवालीनं सांगितला तो भाव द्यायच्या, पण वांगं किडकं निघालं तर दुसऱ्या आठवड्यात तेच वांगं पिशवीत घालून परत न्यायच्या. बसमध्ये तिकीट काढूनही जागा मिळाली नाही, तर कंडक्टरच्या सीटसमोर जाऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या काहीच नाहीत, फक्त तिकीट हातात धरायच्या. माझ्या आठवणीत प्रत्येक कंडक्टर कधी ना कधी उठलेला आहे.

दर जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, बाई लांब काठी घेऊन यायच्या आणि खोल्याखोल्यांतून छपराला ठोकत फिरायच्या. आवाज ऐकून कोणता वासा कसा आहे ते ठरवायच्या. एका वर्षी तिसरीच्या खोलीतला वासा पोकळ वाजला. बाईंनी त्या खोलीला स्वतःच्या घरचं कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि वर्ग लिंबाखाली नेऊन बसवला.

हेडमास्तर धावत आले. ‘बाई, कुलूप काढा. वरून विचारतील.’

‘वरूनच तं पडून राह्यलं,’ बाई म्हणाल्या आणि पाढे पुढे चालू केले.

उन्हं तापली, पावसाची सर येऊन गेली, पोरं पडवीत गर्दी करून बसली, पण कुलूप निघालं नाही. शेवटी इंजिनिअर आला. त्यानं वाशाला पेन टोचलं तर पेन टोपणापर्यंत आत गेलं. सगळा वासा वाळवीनं खाल्लेला. नवा वासा बसला. बाईंनी इंजिनिअरचे आभार मानले नाहीत. मला ते कसंसंच वाटलं. मी म्हणाले, ‘दोन शब्द बोलायचे होते बाई.’

‘काऊन? पगार घेते ना तो? माह्या शिकवन्याचे कोन आभार मानते?’

मला हा उद्धटपणा वाटायचा. पुढे एकदा डबा खाताना, काही विषय नसताना, त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडील पाटलाकडे सालदार होते. वर्षाची मजुरी ठरायची तेव्हाच दिवाळीचं एक धोतर त्यात धरलेलं असायचं. ‘ठरलेलं, मजुरीतलं धोतर,’ बाई म्हणाल्या. ‘पन पाटील ते ओसरीवरून असं फेकून द्यायचा जसा काई दान करून राह्यला. आन् माहा बाप हात जोडायचा. हात जोडून घरी आला की दिवसभर कोनाशी बोलायचा नाई.’ एवढं सांगून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ठेचा तिखट झालाय म्हणाल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

आता अपघाताचं. हे क्रमानं सांगते, कारण पुढे सगळा वाद ह्या क्रमावरच झाला.

गॅदरिंगमध्ये पोरींच्या नाचासाठी कापड हवं होतं. आम्ही दोघी बसनं आदिलाबादला गेलो. बाजारातल्या एका मोठ्या कापड दुकानापुढे नाली होती आणि नालीवर दगडी फरशी टाकलेली. फरशीवर पाय देऊनच दुकानाची पायरी चढायची. फरशीला मधोमध तडा होता. पाय पडला की ती एका अंगानं दबायची. दुकानाचे शेठजी गादीवर बसल्या बसल्या येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सावध करायचे आणि माणूस पाहून भाषा निवडायचे. तेलुगू बाई दिसली की ‘जाग्रत्त अम्मा!’, पंजाबी ड्रेसवाली दिसली की ‘संभालके बहनजी!’, गोंड बायका आल्या तर त्यांच्या बोलीत. शेठजी खरंच गोड माणूस होते. लोक त्यांच्याकडे दोन पैसे जास्त देऊन कापड घ्यायचे ते ह्या बोलण्यासाठीच.

मी पुढे होते. फरशी माझ्या पायाखाली नुसती हलली. मागून बाई आल्या. शेठजी म्हणाले, ‘जपून या बाई.’ बाईंनी खाली पाहिलं, छत्री टेकवली, नीट पाय ठेवला आणि अर्धी फरशी बाईंना घेऊन नालीत गेली. त्यांची उजवी नडगी फरशी आणि नालीच्या भिंतीत सापडली. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला.

शेठजी गादीवरून उडी टाकून आले. स्वतः नालीत उतरले, पांढऱ्या धोतरासकट. बाईंना उचललं, स्वतःच्या जीपमध्ये घातलं आणि संध्याकाळपर्यंत दवाखान्यात बसून राहिले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुकानापुढे नवी जाड फरशी टाकली. हेही सांगितलं पाहिजे. आम्ही ही बातमी बाईंना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बरं झालं. आता दुसरं कोनी पडनार नाई.’

प्लास्टर निघालं तेव्हा हाड तिरकं जुळलेलं निघालं. पाऊल बाहेर वळलं होतं. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, हाड पुन्हा मोडून पट्टी बसवावी लागेल. लवकर केलं तर पाय पहिल्यासारखा होईल. उशीर कराल तसा घोटा आखडत जाईल, आणि तो आखडला की ऑपरेशन करूनही पूर्ण सुटणार नाही.

बाईंचा पाय म्हणजे नुसता बाईंचा पाय नव्हता. चार दिवस एखादी पोर शाळेत आली नाही की बाई शेतातून, नाल्यातून तिच्या घरी जायच्या आणि कापूस वेचायला लावलेली पोर हाताला धरून वर्गात आणायच्या. आता त्या काठी टेकत जेमतेम शाळेपर्यंत यायच्या. माझ्या वर्गात मागच्या ओळीतल्या जागा रिकाम्या दिसायला लागल्या. मी जायचे बोलावायला, पण मला लोक चहा पाजून परत पाठवायचे.

त्या दिवसांत शेठजी जीप घेऊन गावात आले. सोबत फळं, एक भारी साडी आणि पाकीट. बाईंचा धाकटा भाऊ उटनूरला कचेरीत कारकून होता, तोही आलेला होता. मी चहा केला.

शेठजी हात जोडून म्हणाले, ‘बाई, ऑपरेशनचा सगळा खर्च माझा. जाण्यायेण्याची जीप माझी. बहिणीसाठी केलं समजा. धर्म समजा.’

बाई म्हणाल्या, ‘धर्म काऊन? फरशी तुमची होती. मोडकी होती. म्हनून देऊन राह्यलो, असं लिहून द्या, आत्ता घेते.’

शेठजींचा चेहरा उतरला. ‘असं कसं लिहून देऊ बाई? बाजारात नाव आहे माझं. अन् मी तर म्हटलं होतं ना, जपून या?’

‘म्हनलं होतं.’

‘मग? माझी चूक कुठं आली?’

‘मंग नाई घेत मी.’

‘दुप्पट देतो बाई. पण चूक म्हणू नका.’

‘शेठजी, चहा घ्या. थंडा होऊन राह्यला.’

जीप गेल्यावर भाऊ खवळला. ‘अवं ताई, पाय तुहा हाय का कोर्टाचा? घोटा आखडून राह्यला तुहा! तो मानूस नोटा घेऊन दारात बसला आन् तू त्याले निबंध लिहायले लावते?’

‘पाय माहा हाय,’ बाई म्हणाल्या. ‘फरशी त्याची हाय.’

‘मंग आमी करतो खर्च. दोघं मिळून करतो.’

‘काऊन? आपन केला तं मी माह्याच चुकीनं पडली असं होते.’

मीही त्यांना घ्या म्हणून सांगितलं. पाय महत्त्वाचा, बाकी सगळं नंतर, असं मी म्हटलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पोटरीवर हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी आदिलाबादची बस पकडली.

वकीलसाहेब म्हातारे होते, निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. ‘बाई, माझी उमर गेली ह्या कोर्टात. लोक इथं बांधावरून येतात, वाटणीवरून येतात, खून करून येतात. पडलो म्हणून कुणी आलं नाही. आपल्याकडे माणूस पडतो, उठतो, घरी जातो.’

‘मले उठता नाई आलं,’ बाई म्हणाल्या.

वकीलसाहेब हसले आणि दावा लिहायला घेतला. अडचणी मात्र त्यांनी तोंडावर सांगितल्या. नाली नगरपालिकेची, तेव्हा शेठजी म्हणणार फरशीशी माझा संबंध नाही. जुनी फरशी जाऊन नवी आलेली, तेव्हा ती फुटकी होती हे दाखवणार कसं? आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, ती धोक्याची आहे हे मालकाला आधीपासून माहीत होतं, हे सिद्ध करावं लागेल. ‘माहीत होतं की नव्हतं, हे त्याच्या मनात आहे. मनाला साक्षीला कसं बोलावू?’ आजूबाजूचे दुकानदार तर कुणीच साक्ष द्यायला तयार नव्हते.

शेठजींचा लेखी जवाब आला, तो अगदी तसाच. नाली सरकारी. फरशीचं काही ठाऊक नाही. बाई न बघता आल्या. तो जवाब शेठजींच्या वकिलाचा होता, शेठजींचा नव्हता, हे वाचतानाच कळत होतं. इतकं कोरडं ते कधी बोललेच नसते.

मग पेशीमागून पेशी, तारखेमागून तारीख. कधी न्यायाधीश, म्हणजे मुन्सफसाहेब, रजेवर, कधी वकील गैरहजर, कधी आमची बस चिखलात. एक पावसाळा गेला, दुसरा आला. बाई दर पेशीला जायच्या, परत येताना घोट्याभोवती कापड गुंडाळून बसमध्ये पाय वर घ्यायच्या. पहिल्यांदा पाऊल थोडं तरी खालीवर व्हायचं. मग तेही थांबलं. मी ते पाहायचे आणि गप्प बसायचे, कारण बोलून झालेलं होतं.

शेवटी साक्षी सुरू झाल्या. मी पाहिलं ते मी सांगितलं. पण दाव्यातल्या माणसाची सोबतीण, तिच्या बोलण्याला किती वजन? मग बाई उभ्या राहिल्या. वकीलसाहेबांनी आदल्या दिवशी बजावलं होतं, ‘त्यानं जपून या म्हटलं का, असं विचारतील. म्हणा, ऐकू आलं नाही. खोटं नाही, बाजारात गलका असतो.’

शेठजींच्या वकिलानं तोच प्रश्न टाकला. ‘माझ्या अशिलानं तुम्हांला सावध केलं होतं का?’

‘हो,’ बाई म्हणाल्या. ‘मराठीत केलं होतं. लय गोड बोलते ते.’

आमच्या वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. शेठजींचा वकील खूश होऊन खाली बसला. बाहेर चहाच्या टपरीवर वकीलसाहेब म्हणाले, ‘बाई, तुम्ही तुमच्याच पायावर दुसरी फरशी टाकली.’

‘म्हनलं होतं त्यायनं. मंग नाई कसं म्हनू?’ बाई बशीत चहा ओतत म्हणाल्या. ‘आता माहं ऐका. उद्या त्यायले फरशीचं विचारू नका. गिऱ्हाइकाशी कसे बोलता ते विचारा. वर्गात एखाद्या पोराले ज्याचा अभिमान असते ना, ते त्याले विचारायची देर असते. मंग घंटा वाजली तरी थांबत नाई ते.’

दुसऱ्या दिवशी शेठजी साक्षीच्या कठड्यात आले. इस्त्रीचं धोतर, कपाळाला गंध. चेहरा गंभीर. त्यांच्या वकिलानं विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. मग आमचे वकीलसाहेब सावकाश उठले.

‘शेठजी, सारा बाजार म्हणतो, गिऱ्हाइकाची काळजी घ्यावी तर तुम्ही.’

शेठजी फुलले. ‘साहब, ग्राहक तो भगवान है.’

‘येणाऱ्या प्रत्येकाला सावध करता म्हणे?’

‘हर एक को! गरीब हो, अमीर हो. तेलुगूवाले को तेलुगू में, मराठीवाले को मराठी में.’ आणि शेठजींनी तिथेच, हात पुढे करून, मान थोडी झुकवून करून दाखवलं. ‘जाग्रत्त अम्मा! संभालके बहनजी! जपून या बाई!’ कोर्ट हसलं. मुन्सफसाहेबही हसले.

‘वाह. ही पद्धत कधीपासून?’

‘जबसे फरशी हिलने लगी, तबसे. बाई के गिरने से भी दो बरसात पहले से. मैं तो नौकर पर भी भरोसा नहीं करता था साहब, खुद बोलता था. कोई गिर न जाए.’

शेठजींचा वकील खोकला. शेठजींना वाटलं त्याला खोकला झालाय.

‘ही फरशी नगरपालिकेनं टाकलेली, नाही का?’ वकीलसाहेबांनी सहज विचारलं.

शेठजींना हे मात्र लागलं. ‘नगरपालिका? नगरपालिका क्या डालेगी! आमच्या वडिलांनी तांडूरहून आणून टाकली होती ती. गिऱ्हाइकाच्या पायाला चिखल लागू नये म्हणून. उस ज़माने में पूरे बाज़ार में किसी के सामने फरशी नहीं थी.’

मुन्सफसाहेबांनी पेन उचललं आणि बराच वेळ लिहीत राहिले. वकीलसाहेब ‘शुक्रिया’ म्हणून खाली बसले. शेठजी कठड्यातून उतरताना बाईंकडे पाहून हसले, कारण आपलं छान झालं असं त्यांना वाटत होतं. बाईही हसल्या. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं.

फैसला बाईंच्या बाजूनं लागला. फरशी दुकानाची, ती धोक्याची आहे हे मालकाला ठाऊक होतं, आणि ‘जपून’ म्हटल्यानं फुटकी फरशी सांधली जात नाही, असा त्याचा अर्थ वकीलसाहेबांनी आम्हांला समजावून सांगितला. ऑपरेशनचा खर्च मंजूर झाला. मात्र सावध केल्यावर बाईंनीही थांबायला हवं होतं, म्हणून त्यातला थोडा भाग कापला होता. वकीलसाहेब म्हणाले, त्याच्यावर वर जाता येईल. बाई म्हणाल्या, ‘नाई जी. फरशी हलते हे दिसत होतं मले, तरी पाय टाकला. तेवढी चूक माही होती. साहेबानं बरोबर पाह्यलं.’

कापलेला भाग बाईंनी स्वतः भरला. भावाला भरू दिला नाही.

शेठजी अपिलात गेले नाहीत. पैसे द्यायला स्वतः आले. कोर्टाच्या व्हरांड्यात बाईंच्या बाजूला बाकावर बसले आणि त्यांच्या पायाकडे पाहत राहिले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

‘बाई, हेच पैसे मी तुमच्या घरी घेऊन आलो होतो. तेव्हाच घेतले असते तर हा पाय आज सरळ असता. काय मिळवलं तुम्ही?’

‘हेच नव्हते जी,’ बाई म्हणाल्या. ‘ते तुमचे होते. हे माहे हायेत.’

बाईंना उठायला त्रास होत होता, तेव्हा शेठजींनी हात पुढे केला. बाईंनी तो धरला.

त्याच आठवड्यात आम्ही नागपूरला गेलो. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला आणि रागावले. म्हणाले, हाड सरळ होईल, पण घोटा आता निम्माच वळेल. लंगडणं राहील, काठीही राहील. बाईंनी विचारलं, ‘शेतातल्या पायवाटेनं चालता येईन का?’ डॉक्टर म्हणाले, ‘सावकाश येईल.’ ‘मंग करा,’ बाई म्हणाल्या. तसंच झालं. पुढे निवृत्त होईपर्यंत त्या पोरींच्या घरी जात राहिल्या, सावकाश, आणि आधीपेक्षा लवकर निघून.

ऑपरेशननंतर बाई बायकांच्या मोठ्या वॉर्डात होत्या. शेजारच्या कॉटवर कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारी एक तरुण बाई होती, उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. दोन दिवस ती बाईंचं सगळं निरखत होती. तिसऱ्या दिवशी मी संत्री सोलत होते तेव्हा तिनं विचारलं, ‘मावशी, तुमच्या पायाचा खर्च कोनं केला?’

‘ज्याची फरशी होती त्यानं.’

‘लय भला मानूस म्हना.’

‘भला हायेच,’ बाई म्हणाल्या. ‘पन म्हनून नाई दिले त्यानं.’

तिला ते कळलं नाही. ‘आमच्या मालकानंबी पन्नास रुपये देल्ले मले. देवमानूस हाय. घरी जाय, आराम कर म्हनला.’

बाईंनी हातातली संत्र्याची फोड ताटलीत ठेवली. मला उशी मागे लावायला सांगितली आणि टेकून सरळ बसल्या.

‘इकडे ये पोरी,’ त्या म्हणाल्या. ‘अशी जवळ बस. तुह्या हातावर काय पडलं, आन् ते कोनाचं होतं, पयल्यापासून सांग.’

ती कॉटवरून उतरली, प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं सावरत आली आणि बाईंच्या पायाशी, त्यांच्या दुखऱ्या पायाला धक्का लागणार नाही अशी जागा पाहून बसली. मी उरलेली संत्री तिघींत वाटली.